किलोवॉट आणि खाडी

"मेस्त्री, बॉम्बे लागत नाय." तळा गावच्या बाजारपेठेत रेडिओ दुरुस्तीच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाच्या कानांवर दुसरं कुठलं वाक्य एवढं पडत नसेल. गिऱ्हाइकाचा संशय कायम डब्यावर. काल लागत होतं, आज लागत नाही, म्हणजे आत काहीतरी जळलंय. मी मागचं झाकण काढायच्या आधी सुई पुण्यावर नेतो, सातशे ब्याण्णववर. पुणं स्वच्छ लागलं की डबा बरा आहे, एवढं तिथेच कळतं. मग बिघाड वाटेत असतो, नाहीतर घरात. कधीकधी तो थेट तिकडे असतो, मुंबईत, जिथून लहर सुटते तिथे.

तिकडे प्रक्षेपकाची शक्ती कमी केली, तर तळ्याच्या माणसाला ते कसं कळतं? आवाज बारीक होऊन कळत नाही, हे पुष्कळांना पटत नाही. रेडिओच्या आत एजीसी नावाची एक तजवीज असते. लहर जोरात आली की ती रेडिओचं वर्धन उतरवते, लहर मंद आली की चढवते. त्यामुळे स्टेशन अशक्त झालं तरी निवेदकाचा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो. पण वर्धन चढलं की त्याबरोबर हवेतली खरखरही चढते. गिऱ्हाईक ऐकतं खरखर, आणि म्हणतं, "डबा खराब झाला." नवे सेल घालून बघतं, दोन थपडा मारून बघतं, आणि मग इंदापूर फाट्यावरून एस.टी. पकडून माझ्याकडे येतं.

हिशोबही लोकांना वाटतो तसा नाही. १०० किलोवॉटचे ५० केले तर इथवर पोचणाऱ्या लहरीचा जोर निम्मा होत नाही, सत्तर टक्के उरतो. निम्मा व्हायला २५ वर यावं लागतं. म्हणजे शक्ती उतरवणं हा वाटतो तेवढा घात नव्हे. पाचशे अठ्ठावन्नवरचं मुंबई ब आणि एक हजार चव्वेचाळीसवरचं मुंबई अ ही दोन्ही केंद्रं १०० किलोवॉटची म्हणून आमच्या कानांत बसली. त्यांतल्या ब वर निवेदक '५३७.६ मीटर म्हणजेच ५५८ किलोहर्ट्झवर' असं म्हणायचे, तेव्हा मीटरचा तो दशांश कशासाठी, असं मला लहानपणी वाटायचं. पुढे धंद्यात आल्यावर ५५८ ला नऊने भाग गेला. १०४४ लाही गेला, पुण्याच्या ७९२ ला, रत्नागिरीच्या ११४३ लाही. जिनिव्हात १९७५ साली ठरलं, की युरोप, आफ्रिका, आशियातली मध्यमलहरी केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवायची, आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून ते अमलात आलं. मी ज्यांच्याकडे माणगावात काम शिकलो ते उस्ताद सांगत, की त्या दिवसांत लोक म्हणायचे, सुईची दोरी सरकली. दोरी जागेवर होती, स्टेशनंच सरकली होती.

तळ्यातून मुंबईचं प्रक्षेपण केंद्र जवळजवळ उत्तरेला पडतं, थोडं पश्चिमेकडे झुकून, सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. रत्नागिरी जवळजवळ दक्षिणेला. पुणं पूर्वेला, मध्ये सह्याद्री. ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली. ती कांडी स्टेशनच्या दिशेला आडवी असली की भरपूर पकडते, आणि तिचं टोक स्टेशनकडे केलं की जवळजवळ काहीच नाही. म्हणून रेडिओचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवलं, की मुंबई आणि रत्नागिरी दोन्ही मिळतात, पुणं हातचं जातं. भिंतीतल्या कोनाड्याला दिशा बदलता येत नाही. माझ्या निम्म्याशिम्म्या 'दुरुस्त्या' म्हणजे रेडिओ कोनाड्यातून काढून खिडकीत तिरपा ठेवायला सांगणं. त्याचे पैसे मागायला जीभ रेटत नाही, ही या धंद्यातली अडचण.

वाटेचं म्हणाल तर मध्यमलहर दिवसा जमिनीला धरून चालते, आणि जमीन तिला खाते. खारं पाणी सगळ्यांत कमी खातं, ओली दलदल त्यापेक्षा जरा जास्त, आणि आमचा कोरडा कातळ, जांभा तर अधाशासारखा. म्हणून राजपुरीच्या खाडीतल्या होडीवर जे स्टेशन खणखणीत लागतं, ते कुड्याच्या लेण्यांचा डोंगर ओलांडून तळगडाच्या पायथ्याशी येईतो दमतं. पावसाळ्यात कातळावर पाणी मुरलं की परत सुधारतं. जुन्या व्हॉल्व्हच्या सेटना अर्थिंग करताना आम्ही खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालायचो, ते याच कारणाने. जमिनीत खारटपणा हवा.

आता हाच नियम प्रक्षेपकाच्या बाजूने बघा. मध्यमलहरीचा मनोरा कशाला टांगलेली एरियल धरून उभा नसतो, तो स्वतःच एरियल असतो. पायथ्याशी चिनी मातीचा मोठा इन्सुलेटर, त्यावर शेकडो फूट लोखंड. उंची साधारण लहरीच्या पावपट हवी. १०४४ ला ती ७२ मीटरच्या आसपास येते, ५५८ ला १३४. आणि जेवढं वर दिसतं तेवढंच खाली: पायथ्यापासून चहूबाजूंना तांब्याच्या तारा पुरलेल्या. १९३७ साली अमेरिकेत ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन या तिघांनी मोजमापं घेऊन दाखवलं, की अशा तारा भरपूर हव्यात. तेव्हापासून १२० तारांचा पायंडा पडला. मुंबईचे प्रक्षेपक मालाडला, मालवणीकडे खाडीच्या अंगाला आहेत. दलदल, खाजण, भरतीचं पाणी. बंगला बांधायला ती जागा भिकार आणि मनोऱ्याला सोन्यासारखी. ज्याने कुणी निवडली त्याला लहरीची वाट ठाऊक होती.

म्हणून मला शक्ती कमी करण्यापेक्षा जागा हलवण्याची धास्ती जास्त वाटते. शक्ती हा वीजबिलाचा प्रश्न आहे; आज उतरवली, उद्या गरज पडली तर चढवता येते. खाडीकाठच्या जमिनीतून तांबं उपटलं आणि तिथे इमारती चढल्या की विषय संपला. अमेरिकेत हे घडून गेलंय. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथे डब्ल्यूएमएएल केंद्राचे चार मनोरे १९४१ पासून उभे होते. जमीन घरं बांधणाऱ्यांनी घेतली. २०१८ मध्ये केंद्राने बिऱ्हाड उचललं आणि शक्ती कमी करून दुसऱ्या एका केंद्राच्या मनोऱ्यांवर जाऊन राहिलं. २०२० च्या नोव्हेंबरात रिकामे मनोरे आडवे केले. व्यवहार म्हणून त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. जमिनीच्या भावापुढे जाहिराती किती पुरणार? पण सरकारी आकाशवाणीचा हिशोब जाहिरातींवर बसत नाही, निदान बसू नये.

प्रक्षेपक हलवण्याची मुंबईची सगळ्यांत गाजलेली गोष्ट १९४२ ची. उषा मेहता आणि त्यांचे साथी काँग्रेस रेडिओ चालवायचे, ४२.३४ मीटरवर, आणि पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायचे. १२ नोव्हेंबरला पकडले जाईपर्यंत ते असंच चाललं. ती लघुलहर होती, म्हणून जमलं. तिला तारेचा तुकडा पुरतो आणि ती आकाशातून उडी मारते. मध्यमलहरीचं केंद्र असं टॅक्सीत घालून नेता येत नाही. आणि अगदी सुरुवातीला, २३ जुलै १९२७ ला मुंबई केंद्र निघालं तेव्हाचा प्रक्षेपक दीड किलोवॉटचा. पल्ला धरला होता ४८ किलोमीटर. त्या वर्तुळात तळा नव्हता, रोहाही नव्हता. आम्ही पुढच्या किलोवॉटांचे लाभार्थी.

दुसरं टोक नागपूरचं. तिथला १००० किलोवॉटचा प्रक्षेपक, १५६६ वर, १९८८ मध्ये निघालेल्या राष्ट्रीय वाहिनीचा. रात्री आमच्याकडे तो आकाशातून परतून यायचा आणि ओहोटीच्या लाटेसारखा मागेपुढे व्हायचा. २०१८ च्या अखेरीस ती वाहिनी बंद करायचा निर्णय झाला. मला फार हळहळ वाटली नाही. एवढी शक्ती ओतून रात्री अर्धा देश गाठायचा, तर आता दुसरे मार्ग आहेत. दिवसा जमिनीवरून येणाऱ्या ५५८ सारख्या स्टेशनाचं तसं नाही. भात लावायला वाकलेल्या बाईच्या बांधावर ते असतं, मांदाडच्या खाडीतून बाहेर पडणाऱ्या होडीत असतं, आणि मोबाइलची दांडी गेल्यावरही असतं.

दांडी गेलीच होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर चढलं आणि तळा, म्हसळा, श्रीवर्धन सगळीकडे विजेचे खांब झोपले. मोबाइल मुके. लोकांनी माळ्यावरचे ट्रान्झिस्टर काढले, सेलच्या डब्यात साचलेला हिरवा गंज मी कानशीने घासून घासून दिला. आणि मग ते एक ऐकायला मिळालं, जे मी विसरत चाललो होतो: भर दुपारी मुंबई, पुणं, रत्नागिरी, तिन्ही खरखरीशिवाय. रेडिओ तेच, कातळ तोच, तिकडचे किलोवॉट तेच. फरक एवढाच, की पंचक्रोशीत एलईडी दिवा नव्हता, मोबाइलचा चार्जर नव्हता, इन्व्हर्टर नव्हता. या स्वस्त वस्तूंच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते, आणि तिचा कचरा थेट मध्यमलहरीवर सांडतो. गेल्या काही वर्षांत आमच्या घरांतून स्टेशन गेलं त्याचं श्रेय मालाडला देण्याआधी वरच्या दिव्याकडे बघावं. वीज परतली तशी खरखर परतली, आणि लोक पुन्हा डबे घेऊन आले.

तज्ज्ञ मंडळी म्हणतात, डीआरएम हा उपाय आहे. देशात तीसहून जास्त मध्यमलहरी केंद्रांवर ती डिजिटल सोय बसवलेली आहे, कमी शक्तीत स्वच्छ आवाज देते, हे खरं. मी ऐकलंय, छान लागतं. पण तो रेडिओ तळ्याच्या बाजारात मागणारं गिऱ्हाईक मला भेटलेलं नाही, आणि त्याच्या किमतीत माझ्याकडचे जुने डबे ढिगाने येतील. जुन्या आणि नव्या लहरी एकाच मनोऱ्यावरून सोडायच्या, तर जुन्या वाट्याची शक्ती घटते, हेही आहेच. ते मला चालेल. शंभराचे पन्नास करा, पंचवीस करा. मी कांडी फिरवीन, रेडिओतली आयएफटी कॉइलं पुन्हा जुळवीन, गिऱ्हाइकाच्या माळ्यावर तांब्याची जाळी ताणून देईन आणि त्याला दुपारी दिवे बंद ठेवायला सांगेन. ते माझं काम आहे आणि ते जमण्यासारखं आहे. खाडी सोडली तर मात्र माझ्या टेबलावर त्याला औषध नाही.