केळ्याचा हिशोब

पवित्र पोर्टलवरून माझी नेमणूक वाळवा तालुक्यात झाली. मी मूळचा कोरेगावकडचा. 2024 च्या जूनमध्ये हजर झालो, तर खडूच्या आधी हातात पडल्या पोषण आहाराच्या वह्या. साठ्याची वेगळी, चवीची वेगळी, वर मोबाइलवर रोजचे आकडे. "नव्या माणसाकडंच असतंय हे," मुख्याध्यापक म्हणाले.

त्याच महिन्यात नव्या पाककृतींचा शासन निर्णय आला. मसालेभात, खिचडी, मोड आलेली कडधान्यं... बहुतेक शाकाहारीच. घोळ अंड्याचा होता. नोव्हेंबर 2023 च्या निर्णयानं आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं. पुढं आणखी एक कलम: 40 टक्के पालक नको म्हणाले, तर शाळेत अंडं शिजणारच नाही. गावात जैन शेतकऱ्यांची घरं बरीच, माळकरीही. संमतिपत्रं घेऊन दारोदार हिंडलो. एका माळकरी आजोबांनी ‘नको’वर सही केली आणि बुधवारी त्यांचाच नातू कानाशी आला, "सर, मी खातोय. घरी सांगू नगा." कागद मानायचा की पोराला? मी मुख्याध्यापकांकडं बघितलं, त्यांनी आमटीकडं. केळं दिलं. रुसला. अंडं खाणाऱ्यांनाही केळं हवंच होतं, ते निराळं.

मला खरं कोडं पडलं ते हिशोबाचं. प्राथमिकच्या ताटात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं हवीत. सहावी ते आठवीला 700 आणि 20. अंड्यात प्रथिनं सहाएक ग्रॅम, केळ्यात जेमतेम एक. हा कसला पर्याय? स्वयंपाकी मावशी म्हणाल्या, "त्यापरास मूठभर शेंगदाणं द्या की." बरोबरच होतं, 100 ग्रॅम शेंगदाण्यात 25 ग्रॅम प्रथिनं.

जानेवारी 2025 मध्ये शासनानं अंड्यांचा पैसाच थांबवला. द्यायचीच असतील तर लोकसहभागातून द्या. व्यवस्थापन समितीत मी शेंगदाण्यांचा विषय काढला. एक पालक पोतंभर शेंगा द्यायला तयार झाले. त्या साठ्याच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायच्या, एवढं केंद्रप्रमुखांना विचारलंय.