अर्धा अँटेना जमिनीत

उभा अँटेना लांबूनही दिसतो. त्याच्या पायाशी पसरलेल्या तारांकडे मात्र लक्ष जाते ते पाय अडकला तरच! हॉस्टेलमागच्या मैदानात आम्ही या तारा टाकत होतो, तेव्हा "काय रे, शेती सुरू केली का?" असे विचारणारे बरेच भेटले. त्या सगळ्यांसाठी हा लेख.

मित्रहो, हॅम रेडिओच्या 40 मीटर बँडवर, म्हणजे 7.1 मेगाहर्ट्झच्या आसपास, पाव तरंगलांबीचा उभा अँटेना साधारण 10 मीटर उंच असतो. पण तो खरे तर अर्धाच अँटेना. डायपोलला दोन हात असतात, याचा दुसरा हात म्हणजे जमीन. प्रवाह तिच्यातून परत येतो आणि माती काही तांबे नव्हे. वाटेत रोध भेटतो, तिथे पॉवर फुकट जाते. म्हणून पायापासून चहूकडे तारा पसरायच्या. याच त्या रेडिअल.

किती टाकायच्या, यावरून आमच्यात दोन पक्ष पडले. चार तारा टाकल्यावर एसडब्ल्यूआर जवळजवळ 1 आला. एक पक्ष म्हणाला, "झालं काम, चला चहाला!" इथेच खरी गंमत आहे. आदर्श जमिनीवर या अँटेनाचा रोध सुमारे 36 ओहम. समजा मातीचे 14 ओहम त्यात मिळाले, तर बेरीज 50. केबलही 50 ओहमची, म्हणजे मीटर एकदम खूश! पण 100 वॅटपैकी 72 वॅट आकाशात आणि 28 वॅट गांडुळांना. आता तारा वाढवून मातीचा वाटा 4 ओहमवर आणा. बेरीज 40, एसडब्ल्यूआर 1.25. मीटर म्हणतो बिघडले, पण आता 90 वॅट बाहेर जातात!

हा वाद जुना आहे. 1937 साली ब्राउन, लुइस आणि एपस्टाइन या आरसीएच्या इंजिनियरांनी 2 पासून 113 पर्यंत रेडिअल पुरून मोजमापे घेतली. अमेरिकेतल्या एएम केंद्रांना 120 रेडिअलचा दंडक लागला, त्यामागे हेच काम आहे. पुढे रूडी सेव्हर्न्स यांनी हॅमच्या बँडांवर प्रयोग केले, ते 2009 पासून क्यूईएक्समध्ये आले. 4 वरून 16 वर जाताना फायदा मोठा, 32 च्या पुढे नगण्य. जमिनीपासून उचललेल्या चार नेमक्या पाव-तरंगाच्या रेडिअलही पुरलेल्या पुष्कळ तारांच्या तोडीस येतात.

आमच्याकडे जुन्या हाऊस वायरिंगची वायर होती, सगळी मिळून 160 मीटर. उचललेल्या रेडिअलचा विचार लगेच सोडला. संध्याकाळी तिथे क्रिकेट चालते, कुणाच्या गळ्यात तार आली तर? मग जमिनीवरच, पण 40 मीटरच्या 4 की 5 मीटरच्या 32? प्रवाह पायाजवळ दाट असतो. तारा मोजक्या असल्या की दोन तारांमधली माती तो खाते, आणि लांब तारेचे टोक नुसते पडून राहते. जमिनीवर टाकलेली तार मातीमुळे डीट्यून होतेच, तेव्हा लांबी अगदी काटेकोर कापायची गरज नाही. आम्ही 5 मीटरच्या 32 टाकल्या.

माळीकाका म्हणाले, "पोरांनो, गवत कापायचं मशीन अडकलं तर मला बोल लावू नका." म्हणून बाइंडिंग वायरचे यू आकाराचे हूक करून प्रत्येक तार मुळापाशी दाबून बसवली. पावसाळ्यात गवताने सगळे झाकून टाकले. आता काकांनाही तारा दाखवाव्या लागतात.

मीटरला जे विचाराल तेवढेच तो सांगतो. "केबलशी जुळले का?" याचे उत्तर तो देतो, "लांब पोचले का?" याचे नाही. त्यासाठी पॉवर तीच ठेवून दूर जाऊन फील्ड स्ट्रेंथ मोजावी लागते. जर्नलवर सही मिळणे आणि विषय समजणे यांतही एवढेच अंतर असते. व्हायवाच्या आधी हे आठवले तरी तारा पुरल्याचे सार्थक झाले!