सागाच्या पानांवरून

मेळघाटात आता जिप्सीतून हिंडतात. मागे नातवंडांबरोबर गेलो होतो, सांबर दिसताच पोरे "आजोबा, ते बघा!" म्हणून ओरडली. मी गप्प राहिलो. याच रानात १९६३ च्या डिसेंबरात मी बंदूक घेऊन पायी फिरलो आहे. (तेव्हा परवाना मिळे. पुढे कायद्याने ते बंद झाले आणि फार बरे झाले.)

हाका आणि मचाण सर्वांना ऐकून ठाऊक असतात. दबकत पायी जाणे ही गोष्टच निराळी. माझे वाटाडे साठीचे कोरकू गृहस्थ. मी त्यांना दादा म्हणे, ते मला बाबू. पाय अनवाणी, कनवटीला राखेची पुरचुंडी.

सागाचे वाळके पान म्हणजे भाजलेला पापड! पाय पडला की साऱ्या रानाला वर्दी. पण रात्रीच्या दंवाने ते मऊ पडते. तेव्हा जे काय करायचे ते उन्हे चढण्याच्या आत. दादा तीन पावले टाकीत आणि थांबत. आधी तळव्याची बाहेरची कड टेकवायची, भार मागाहून. मग चिमूटभर राख सोडीत. ती आमच्या तोंडावर आली तर ठीक, पुढे गेली तर वळसा.

"सांबर नको शोधू, बाबू. आडवी रेघ शोध."

झाडे उभी, जनावराची पाठ आडवी! दोन तासांत जेमतेम चार फर्लांग झाले. माझ्या पिंढऱ्या भरून आल्या.

आणि ती रेघ दिसली. मग हलणारा कान, मग शिंगे. अंतर सत्तर पावले. माझ्याजवळ मित्राची बारा बोअरची बंदूक, आत एल. जी. चे काडतूस. चाळीस पावलांपलीकडे त्याचा भरवसा नाही, हे मला पक्के ठाऊक होते. दादांनी हात आडवा केला. पण ऊन चढत होते, पाने तडतडू लागली होती, आणि मी बावीस वर्षांचा होतो. चाप ओढला.

सांबर कोसळले, उठले, नाल्यात उतरले.

दादांनी मला अर्धा तास बसवून ठेवले. लगेच पाठीस लागले तर जखमी जनावर पळतच राहते. मग दिवस मावळेपर्यंत माग काढला. रक्ताचे थेंब आधी हातहात अंतरावर, मग वाववाव, मग नाहीतच.

मजुरी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुऱ्हाड घेऊन एकटेच नाल्याकडे गेले. मी एस.टी.ची वाट धरली. सांबर सापडले का, हे विचारायला मी पुन्हा त्या गावी गेलो नाही.