छताला भोक न पाडता

ट्रॅव्हल ट्रेलरच्या छतावरून फ्रिजचा व्हेंट गेला आणि माझ्या हातातली निम्मी कला त्याच्याबरोबर गेली. पूर्वी ट्रेलरमधला फ्रिज गॅसवर चालायचा. त्याच्या पाठची गरम हवा बाहेर पडावी म्हणून छतात झाकणाची एक वाट ठेवलेलीच असायची. गेल्या काही वर्षांत नव्या ट्रेलरांमध्ये बारा व्होल्टवर चालणारे कंप्रेसर फ्रिज भराभर आले. त्यांना ज्योत नाही, म्हणून छतातली वाटही नाही. मालकाच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं; ट्रेलर थोडा कलता उभा राहिला तरी फ्रिज कुरकुर करत नाही. पण सॅटेलाइट रेडिओची वायर आत न्यायला मी वर्षानुवर्षं जी वाट वापरली, ती बुजली.

अ‍ॅरिझोनात माझं फिरतं दुरुस्तीचं काम आहे. थंडी पडली की कॅनडातून आणि उत्तरेकडच्या राज्यांतून निवृत्त मंडळी आपापले ट्रेलर ओढत इकडे उतरतात. जानेवारीत क्वार्टझसाइटच्या वाळवंटात नजर पोचेल तिथवर चाकांवरची घरंच दिसतात. मोबाइलला रेंज नाही, एफएम लागत नाही अशा पट्ट्यांतून तासन्‌तास गाडी हाकत आलेल्या या लोकांना सिरियसएक्सएम या सॅटेलाइट रेडिओची सवय जडलेली असते. मुक्कामी पोचल्यावर तोच चॅनेल त्यांना ट्रेलरच्या आतही हवा असतो.

यात अँटेना बसवणं हे काम नव्हेच. उपग्रह पाठवणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं आहे. सिरियसएक्सएममधल्या एक्सएम कंपनीनं २००१ साली दोन उपग्रह सोडले, त्यांची नावं ‘रॉक’ आणि ‘रोल’. एकावरचा कार्यक्रम दुसऱ्यापेक्षा काही सेकंद मागे ठेवला, म्हणजे गाडी पुलाखालून गेली तरी गाणं तुटू नये. डिशसारखा नेम धरायला लागत नाही. रबराच्या छताला चुंबक चिकटत नाही, म्हणून आधी जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा ब्युटिल टेपवर दाबून बसवायचा, एसीच्या खोक्यापासून लांब राहायचं, दक्षिणेचं आकाश मोकळं ठेवायचं. हे सगळं कुणालाही दुपारभरात शिकवता येतं.

मी अडलो तो कायम त्या वायरपाशी. जाडीला जेमतेम तीन मिलिमीटर. ती कापून जोडायची सोय नाही, कारण २.३ गिगाहर्ट्झला प्रत्येक जोड सिग्नल खातो आणि अँटेनातल्या अ‍ॅम्प्लिफायरला वीजही त्याच वायरीतून वर जाते. टोकाचा कनेक्टर वायरीपेक्षा जाड, म्हणजे भोक पाडायचं झालं तर ते कनेक्टरच्या मापाचं. आणि ते कशात पाडायचं? वर मिलिमीटरभर रबर, खाली पातळ प्लायवुड. अ‍ॅरिझोनाचं ऊन सीलंटला तडे पाडतं आणि जुलैत मान्सून येतो. होय, इथंही त्याला मान्सूनच म्हणतात. पाणी भोकाखाली टपकत असतं तर बरं झालं असतं, निदान दिसलं असतं. ते प्लायवुडच्या अंगानं सरकत कोपऱ्यापर्यंत जातं, भिंतीत उतरतं, आणि एक दिवस बाहेरच्या फायबरग्लासला फोड येतो. तोवर आतलं लाकूड कुजलेलं असतं. एका रेडिओपायी अख्खी भिंत.

म्हणून मी रेडिओसाठी छताला कधी भोक पाडलं नाही. व्हेंटच्या झाकणाचे स्क्रू सैल करायचे, झाकणाच्या ओठाखालून वायर आत घ्यायची, आत घेण्याआधी तिला खाली झोल द्यायचा म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं. मग फ्रिजच्या मागच्या पोकळीत उतरायचं, पण धुराड्याच्या विरुद्ध भिंतीनं, दर वीतभर अंतरावर क्लिप मारत. धुराड्याला टेकली की वायर वितळलीच. तळाशी गॅसच्या नळीसाठी कारखान्यानंच ठेवलेलं भोक असतं, त्यातून कपाटात. काम संपलं की मी खाली उतरून मालक उभा राहतो तिथं उभा राहायचो आणि त्याला म्हणायचो, शोधा वायर. त्याला ती सापडत नसे. त्या क्षणाची मला चटक होती, पैशांपेक्षा जास्त. दुसऱ्या कुणाच्या कामावर शिडी लावली की माझी नजर पहिल्यांदा त्याच्या भोकांकडे जायची आणि आपण वरचढ आहोत हे मनात नोंदवूनच मी हत्यारं काढायचो.

वरचढ वाटायला कारणंही मिळत. एका मोठ्या डीलरच्या वर्कशॉपमधून आलेल्या ट्रेलरवर मी साधं सिलिकॉन फासलेलं पाहिलं आहे. रबराच्या छतावर सिलिकॉन नीट धरत नाही आणि ते सुटल्यावर त्या जागी दुसरं काहीही धरत नाही. पुढच्या कारागिराची वाटच बंद. तासावर पैसे घेणाऱ्याला पुढच्या पावसाशी घेणंदेणं नसतं, हे माझं मत आहे आणि ते बदलायचं मला कारण दिसत नाही.

गुडघे शिडीला नको म्हणू लागले तेव्हापासून वर भाचा असतो आणि खाली मी. त्याला रेडिओचं हे काम जुनाट वाटतं. “मामा, स्टारलिंकचं इंटरनेट लावा म्हणावं, सगळंच वाजेल.” त्याचं खरं आहे, रेडिओची कामं कमी झाली आहेत. पण मागच्या उन्हाळ्यात एक काम आलं, ट्रेलर नवा कोरा.

“मामा, इथं व्हेंटच नाही.”

मी म्हटलं, ड्रेनेजच्या पाइपाचं टोपण उघड, पाइपाच्या कडेनं बऱ्याचदा फट असते. फट होती, पण पाइप उतरत होता ट्रेलरच्या दुसऱ्या टोकाला. वायर पुरत नव्हती.

“मग भोक पाडू. नीट पाडू.”

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यानं आधी आत जाऊन कपाटाच्या वरची जागा ठोकून पाहिली, आडवी पट्टी कुठं आहे ते हेरलं. वर जाऊन रबर अल्कोहोलनं पुसलं, भोक पाडलं. मग मी त्याला कधीच न शिकवलेली गोष्ट त्यानं केली: काडीच्या टोकावर सीलंट घेऊन भोकाच्या आतली प्लायवुडची कापलेली कड चारी बाजूंनी माखली. वरचं सीलंट उद्या फुटलं तरी लाकडानं पाणी पिऊ नये म्हणून. मग ब्युटिल, त्यावर वायरीचं झाकण तोंड मागे करून, म्हणजे धावताना पाऊस आत ढकलला जाऊ नये. वर लॅप सीलंट, स्क्रूंच्या डोक्यांवरसुद्धा.

मान्सून संपल्यावर मी मुद्दाम त्या मालकाकडे गेलो आणि कपाटात ओल मोजायचा मीटर टेकवला. कोरडं ठणठणीत. त्या घडीला मला आनंद व्हायला हवा होता. आकडा पाहण्याआधी माझ्या मनात जे आलं होतं ते कौतुकाचं नव्हतं. भोक न पाडणं हीच माझी ओळख होती आणि ती त्या पोरानं मला दुय्यम करून दाखवली.

तरीही माझा कौल बदललेला नाही: छतात आधीची वाट असेल तर भोक पाडू नये. नसेल तर ते त्यानंच पाडावं, जो पुढच्या वर्षी त्याच छतावर चढणार आहे. अमेरिकेतली आपली मंडळीही आता ट्रेलर घेऊ लागली आहेत. त्यांना सांगणं एवढंच, की रेडिओ वाजतो का हे नंतर विचारा. आधी विचारा, वायर आत कुठून जाणार? आणि पहिला मोठा पाऊस झाला की त्या जागेखालचं कपाट उघडून वरच्या फळीला हात लावून बघा.