नानांची सही

इथे लष्करातल्या आठवणी आवडीने वाचतो. आज एक माझी, आमच्या नानांची.

नाना माझे थोरले बंधू, जनावरांचे डॉक्टर. महूच्या कॉलेजातून शिकले, सरकारी नोकरीत निवृत्त झाले. आता वय 83. जनकगंजातल्या घरी ओट्यावर बसून गल्लीतली कुत्री, दूधवाल्यांच्या म्हशी बघतात. पैसे कोणी दिले तर दिले.

गेल्या थंडीत एक जुना दूधवाला आला. म्हैस मेलेली, कानातला बिल्ला रुमालात बांधून आणलेला. विम्यासाठी सर्टिफिकेट हवं होतं. नाना काठी टेकत जाऊन म्हैस बघून आले, पण सही करेनात. "माझं रजिस्ट्रेशन संपलंय. मला सही करता येत नाही." तीस वर्षांचा माणूस रागावून गेला. वहिनींचा मला फोन, "भाऊजी, तुम्ही जरा बोला ह्यांच्याशी."

1984 च्या कायद्याप्रमाणे जनावरांच्या डॉक्टरचं नाव राज्याच्या नोंदवहीत असावं लागतं, तरच प्रॅक्टिस करता येते आणि सर्टिफिकेटवर सही करता येते. नाव टिकवायला दर पाच वर्षांनी फी भरायची. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या गडबडीत नानांची मुदत निघून गेली होती.

मी म्हटलं, "नाना, आता ह्या वयात कशाला?"

"लोक येतातच रे. दारातून परत पाठवू का त्यांना?"

बसलो फॉर्म भरायला. पण मनात दुसरीच म्हैस.

1987 चा मार्च. मी भिंडकडच्या एका शाखेत फील्ड ऑफिसर, आणि योगायोगाने नानांची बदलीही त्याच भागात. आयआरडीपीत म्हशींसाठी कर्जं द्यायचो. डॉक्टरांचा दाखला, विमा, कानात बिल्ला, मगच पैसे. टार्गेट पुरं व्हायला अकरा प्रकरणं कमी होती. मी कागद घेऊन नानांकडे गेलो. म्हटलं, आधी सह्या करा, म्हशी मागाहून बघा. ते म्हणाले, "म्हशी दाखव." दुसऱ्या दिवशी आल्या सातच. त्यातली एक म्हैस शिंगांना तेल लावून दुसऱ्याच्या नावावर पुन्हा उभी केलेली! नानांनी सहाच दाखले दिले. सख्ख्या भावाने अडवलं म्हणून त्या पाडव्याला मी त्यांच्याकडे गेलो नाही. पुढे दिवाळीपर्यंत बोललोही नाही. चूक माझी होती हे तेव्हाही कळत होतं.

फॉर्मवर सहीची वेळ आली. हात थरथरतो. डिग्रीच्या नकलेवर जुनी सही होती, तिच्याशी ही काही केल्या जुळेना. बँकेत मी अशा सहीचे किती चेक परत केले असतील! नानांनी कालनिर्णयच्या जुन्या पानांमागे दोन दिवस सराव केला. तिसऱ्या दिवशी बरी जमली.

तेव्हा मी म्हटलं, "नाना, भिंडला मी तुमच्यावर उगाच रागावलो होतो."

"कोणत्या वर्षी?" शाई वाळेपर्यंत त्यांनी कागदावरची नजर काढली नाही.

सर्टिफिकेट आलं. दूधवाल्याचं काम तोवर दुसऱ्या डॉक्टरांनी केलं होतं. दूध अजून त्याचंच येतं, पण तो ओट्यावर थांबत नाही. पुढच्या मुदतीची तारीख नानांनी मला माझ्या डायरीत लिहून ठेवायला लावली आहे.