न सुजणारा पंजा

नाशिकला पंचवटीत जा की गंगापूर रोडला, फार्मसी कॉलेजच्या प्राणिगृहात रॅट म्हटला की बहुधा विस्टर. वनस्पतीचा अर्क अ‍ॅलर्जीवर चालतो का, हे त्याच्याच पंजाला विचारायचं. डेक्स्ट्रान टोचायचं, पंजा प्लेथिस्मोमीटरच्या पाऱ्यात बुडवायचा आणि सूज मोजायची. डेक्स्ट्रान ही साखरेच्या रेणूंची लांबलचक साखळी. रॅटच्या मास्ट पेशी तिच्यामुळे पहिल्याच भेटीत हिस्टामिन आणि सेरोटोनिन सोडतात. आधीची ओळख लागत नाही, म्हणून ही खरी अ‍ॅलर्जी नव्हे, तिचं सोंग.

पण एखादा रॅट सुजतच नाही. विद्यार्थी म्हणतात, सुई नीट लागली नसेल. कधी तसंही असतं. मात्र इंग्लंडमध्ये हॅरिस आणि वेस्ट या संशोधकांनी १९६०च्या दशकात अशाच न सुजणाऱ्या रॅटांची पिल्लं वाढवून पाहिली. न सुजण्याचा गुण अप्रभावी निघाला. मेंडेलच्या वाटाण्यांसारखा पिढ्यांतून उतरणारा. त्या रॅटांच्या मास्ट पेशी काही रिकाम्या नव्हत्या. ४८/८० हे रसायन दिलं की हिस्टामिन सुटत होतं. अडत होतं ते फक्त डेक्स्ट्रानपाशी.

आमचा विस्टर रायवळ आंब्यासारखा, कोयीगणिक वेगळा. बाल्ब-सी किंवा सी-५७ ब्लॅक-६ हे माऊसचे अंतःप्रजनित वाण म्हणजे थॉमसन द्राक्षाच्या काड्या लावलेली बाग. पण या दोन बागाही एकमेकींसारख्या नाहीत. अंड्यातल्या ओव्हाल्ब्युमिनने संवेदनशील केलं, की बाल्ब-सीमध्ये आयजीई प्रतिपिंडं आणि श्वासनलिकेची चिडचिड साधारणतः जास्त. ब्लॅक-६ त्यामानाने शांत.

सहा-सहा रॅटांच्या गटात असा एक न सुजणारा औषधाच्या गटात गेला, तर अर्क उगाच गुणकारी ठरतो. नियंत्रण गटात गेला, तर चांगला अर्कही फिका पडतो. सरासरीत हे दिसत नाही. म्हणून मी सुटे आकडे मागतो, पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर आईबाप लिहायला लावतो आणि न सुजणाऱ्याला ४८/८० देऊन पाहण्याची तरतूद एथिक्स कमिटीकडे आधीच मागून ठेवतो. मुलं कुरकुरतात, सबमिशन तोंडावर असतं. शिवाय एकाच वाणावरच्या निकालावरून प्रबंधाच्या शीर्षकात ‘अ‍ॅलर्जीरोधक’ हा शब्द मी घालू देत नाही. तिथे वाणाचं नाव यायलाच हवं, शीर्षक कितीही लांबलं तरी.