आधी कोणाकडे जायचं?

३ जून २०२४, सोमवार
दुपारी एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. आमची लाइन दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला हलवणार आहेत. राजीनाम्याचं पत्र टाइप करून ठेवलं होतं, खाली माझं नाव. "आज सही केलीत तर एक महिन्याचा पगार जास्तीचा देऊ," म्हणाले. मी म्हटलं, घरी नेऊन वाचते, आणि सही न करता निघाले. चाकणमध्ये चौदा वर्षं पार्ट तपासलेत. गेज लावल्याशिवाय एकही पुढे सोडला नाही. हा कागदही तसाच तपासून घेणार.

४ जून, मंगळवार
लोकसभेचा निकाल. घरोघरी टीव्ही मोठ्यानं चालू. त्यातच कंपनीचा मेल आला: उद्यापासून गेटमधून आत सोडणार नाहीत.
दिवसभर फोन. दादा म्हणतो, वकील गाठ. जाऊबाई म्हणतात, सीएला विचार आणि पीएफ काढून घे. मैत्रिणीनं करिअर काउन्सेलरचा नंबर पाठवला. आई एवढंच म्हणाली, "डॉक्टरांकडे जा, रात्रभर डोळा लागलेला नाही तुझा." सगळ्यांना माझी काळजी आहे, पण प्रत्येकाची फी भरण्याइतके पैसे आता नाहीत. म्हणून वहीत एकेकाचं नाव लिहिलं आणि पुढे दोन प्रश्न: यांच्याकडे उशिरा गेले तर काय हातचं जाईल? आणि माझा प्रश्न खरंच यांच्या कामातला आहे का?

६ जून, गुरुवार
आईचं ऐकलं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी बीपी पाहिलं, वाढलेलं होतं. झोपेची गोळी लगेच दिली नाही. म्हणाले, दोन आठवडे बघू. मन हलकं झालं नाही तर समुपदेशकाकडे पाठवतो, आणि औषधाची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे. रात्री फार घालमेल झाली तर १४४१६ वर फोन करायला सांगितलं. ही टेलि-मानस सेवा सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.
रात्री फोन केला. पलीकडच्या बाईंनी मला मधे न तोडता ऐकून घेतलं. नोकरीचं काय करायचं ते सांगितलं नाही, आजची रात्र कशी काढायची एवढंच बोलल्या. पहाटे थोडी झोप लागली. आपल्याकडे मनाची मदत सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात घ्यायची असं धरतात. मला ती पहिली वाटते, कारण बाकीचे सगळे निर्णय याच डोक्यानं घ्यायचे आहेत.

१० जून, सोमवार
दादाच्या ओळखीचे वकील जमिनीचे दावे चालवतात. त्यांनीच सरळ सांगितलं की कामगार कायद्याचं काम करणाऱ्यांकडे जा. तिथे नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, तो मेल आणि सही न केलेलं पत्र घेऊन गेले.
वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, रोज नेमकं काय काम करता? पदनामात 'इंजिनिअर' असलं म्हणून कोणी कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. प्रत्यक्ष काम देखरेखीचं की हातानं, तांत्रिक करण्याचं, यावर औद्योगिक विवाद कायदा, १९४७ खाली मी 'कामगार' ठरते की नाही ते ठरेल. ठरले, तर छाटणीची भरपाई दर पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. चौदा वर्षांची भरपाई साधारण सात महिन्यांच्या पगाराइतकी होते. राजीनाम्यावर सही केली असती, तर या हक्कावर पाणी सोडावं लागलं असतं. ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळते: माझं बेसिक आणि डीए मिळून २६,००० रुपये, म्हणजे वर्षाला १५,००० या हिशेबानं २,१०,०००.
मुदतीही लिहून घेतल्या. अनुचित कामगार प्रथेची तक्रार नव्वद दिवसांत करावी लागते, म्हणून ऑगस्ट संपायच्या आत. कामगार आयुक्त कार्यालयातल्या समेटाचा रस्ता वेगळा, त्याला वेळ जास्त मिळतो. वहीतल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. सगळ्यात आधी मुदत संपते ती इथली.

१३ जून, गुरुवार
सीएंशी फोनवर बोलले. पैसे हातात येतील तेव्हा या, म्हणाले. आता फी कशाला भरता? पीएफ एक महिना बेकार राहिल्यावर पंच्याहत्तर टक्के काढता येतो, पण गरज नसेल तर हात लावू नका, व्याज चालू राहतं. पाच वर्षांहून जास्त सलग नोकरी झाल्यामुळे कर लागणार नाही. जाऊबाईंना तसं कळवलं.

१७ जून, सोमवार
कंपनीचा गट आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. आईची साखर आणि माझं बीपी पाहता हे आजच बघायला हवं होतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज भरला. तसं केलं की आजवर काढलेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही.
एका प्लेसमेंटवाल्यानं 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागितले. नाही म्हटलं. माणूस शोधून दिल्याचे पैसे कंपनीनं द्यायचे, नोकरी गेलेल्यानं नव्हे. करिअर काउन्सेलर हवा आहे, पण जुलैत, झोप नीट लागायला लागल्यावर.

२१ जून, शुक्रवार
वटपौर्णिमा. संध्याकाळी लाइनवरची कंत्राटी ताई घरी आली. तिलाही काढलंय, हातात एक कागद नाही. वकिलाचे पैसे कुठून आणू, म्हणाली. तिला सांगितलं की बाईला आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि फोन १५१०० वर करता येतो. तिचं ओळखपत्र, बँक खात्यातल्या पगाराच्या नोंदी आणि पीएफचा क्रमांक एका पाकिटात घातला.
सोमवारी दोघी तिथे जाणार. माझं प्रकरण वकीलबाईंकडे आहेच, पण तिला त्या दारापर्यंत एकटीनं जाऊ द्यायचं नाही. नोकरी गेलेल्या माणसाला मदत कुठे आहे हे कळलं, तरी तिथपर्यंत पोचवणारं सोबतीचं कोणीतरी लागतं.